हळद आणि छापील पुरावा

कनेरगाव नाक्याला लहानपणी गुडघा फुटला की आई जखमेवर चिमूटभर हळद दाबायची. "गप बस, चिघळणार नाही," एवढंच तिचं शास्त्र. आणि १९९५ साली अमेरिकेने याच गोष्टीचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले!

मी पडलो मराठी माध्यमाचा बी.ए., रसायनशास्त्र उसनेच. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा. ते १८१५ साली वेगळे काढले गेले, रचना कळायला १९१० उजाडले. त्याच्या रेणूत फेरुलिक आम्लाचे दोन तुकडे जोडलेले दिसतात. हे फेनॉलिक आम्ल गव्हाच्या कोंड्यातही असते, म्हणजे आपण चाळून फेकतो त्यात.

असो. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर धरत नसत, छापील पुरावा लागे. म्हणजे आईची साक्ष बाद! डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने जुन्या ग्रंथांसह ३२ संदर्भ जमवले. त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. १९९७ साली पेटंट रद्द झाले.

बातमी वाचून दाखवायला आई नव्हती. तिने जन्मात कधी एक पत्रही लिहिले नव्हते.