गप्प चिपला बोलते करताना : दोषशोधनाचा इतिहास

१/ पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की खंबाटकी घाटाआधी शिरवळ-खंडाळ्याचा औद्योगिक पट्टा लागतो. अशा कारखान्यांतील यंत्रांत आज मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमध्ये सामावलेला संगणक, सर्रास असतो. तो चुकला की यंत्र थांबते. चिप मात्र काहीच सांगत नाही. तिला बोलते करण्याच्या विद्येचा, डीबगिंगचा, हा इतिहास.

२/ ‘बग’ हा शब्द संगणकाहून जुना. एडिसनने १८७८ मध्येच यंत्रातील दोषांसाठी तो पत्रात वापरला होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ संगणकाच्या रिलेमध्ये खराखुरा पतंग सापडला आणि नोंदवहीत चिकटवला गेला. त्या काळी दोष डोळ्यांना दिसू शकत असे.

३/ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने उभारलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटचा; म्हणजे १० किलोबाइट. मूळ आर्डुइनो उनोची प्रोग्रामस्मृती ३२ किलोबाइट आहे. मात्र त्या पिढीच्या यंत्रांचे अंतरंग उघडे होते. अभियंता दिवे वाचून, तारांवर मोजमाप घेऊन दोष गाठत असे.

४/ १९७६ मध्ये इंटेलची ८०४८ मालिका आली. प्रक्रियक, प्रोग्राम आणि ६४ बाइट स्मृती एकाच चिपमध्ये! तारा आत गेल्या. मोजमापाला जागाच उरली नाही. ८७४८ या प्रकारात तर एक आज्ञा बदलण्यासाठीही चिपच्या काचेवर बराच वेळ अतिनील प्रकाश टाकून सगळा प्रोग्राम पुसावा लागे.

५/ चिपच्या जागी बसून तिचे काम करणारे आणि आतली स्थिती दाखवणारे ‘इन-सर्किट एम्युलेटर’ निघाले, पण ते महाग. इतरांसाठी उरला एक एलईडी. तो लागला, तर प्रोग्राम तिथवर पोहोचला. पुढे सिरियल तारेवरून मजकूर छापणे रूढ झाले.

६/ छापण्यातही मेख आहे. ९६०० बॉडने एक अक्षर पाठवायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात १६ मेगाहर्ट्झच्या कंट्रोलरची १६,००० हून अधिक आवर्तने होतात. वेळेशी निगडित दोष अशा वेळी छपाई सुरू करताच नाहीसा होतो आणि ती काढताच परततो.

७/ १९९० मध्ये जेटॅग हे मानक प्रसिद्ध झाले. मूळ हेतू बोर्डावरील जोडण्या तपासण्याचा. पण त्याच मोजक्या तारांतून पुढे चिप हवी तिथे थांबवता आणि आतली स्मृती वाचता येऊ लागली.

८/ जुलै १९९७. मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक वारंवार पुन्हा सुरू होऊ लागला. दुरुस्तीला कोण जाणार? अभियंत्यांनी पृथ्वीवरील जुळ्या यंत्रावर तोच दोष घडवून आणला आणि घटनांचा माग काढला. कमी महत्त्वाच्या कामाने अडवलेल्या साधनासाठी अधिक महत्त्वाचे काम खोळंबत होते. एक मांडणी बदलणारी दुरुस्ती मंगळावर धाडली गेली. माग नोंदवण्याची सोय प्रक्षेपणापूर्वी काढून टाकली नव्हती, म्हणूनच हे साधले.

९/ नवशिक्याची वाटही याच क्रमाने जाते : आधी एलईडी, मग सिरियल, मग ब्रेकपॉइंट. २०२१ च्या रास्पबेरी पाय पिकोवर डीबगिंगच्या पिना तयारच असतात आणि दुसरा पिकोच तपासनीस म्हणून जोडता येतो. पण पाथफाइंडरचा धडा साधनांहून जुना आहे : दोष आधी हुकमी घडवून आणावा, मग पाहावा, दुरुस्तीला हात त्यानंतर.