हस्तर (काल्पनिक देवता)

हस्तर ही 'तुंबाड' या २०१८ सालच्या हिंदी भयपटातील काल्पनिक देवता होय. चित्रपटातील कथेनुसार तो समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र असून अमर्याद लोभाचे प्रतीक आहे. चित्रपट प्रदर्शित झाल्यापासून या नावाचे मूळ कोठे आहे, याविषयी रसिकांनी अनेक तर्क मांडले आहेत. काहींनी त्याचा शोध पुराणांत घेतला, काहींनी इंग्रजी भयसाहित्यात, तर काहींनी नारायण धारप यांच्या मराठी कथेत. या तर्कांपैकी काहींना भक्कम आधार आहे, काही केवळ नादसाम्यावर उभे आहेत आणि एक तर्क सर्वस्वी निराधार असूनही सर्वाधिक लोकप्रिय आहे.

चित्रपटातील कथा

समृद्धीची देवी ही अपार सोने आणि अपार धान्य यांची स्वामिनी. तिच्या उदरातून सोळा कोटी देव जन्मले. हस्तर त्यांतील पहिला. त्याने आईचे सगळे सोने बळकावले आणि तो धान्याकडे वळला, तेव्हा इतर देवांनी त्याच्यावर हल्ला केला. देवीने त्याला पुन्हा आपल्या गर्भात घेऊन वाचवले. मात्र त्याची कधीही पूजा होणार नाही व तो विस्मृतीत जाईल, अशी अट पडली. तुंबाडच्या एका घराण्याने ही अट मोडून त्याचे मंदिर उभारले. देवांचा कोप गावावर अखंड पावसाच्या रूपाने कोसळू लागला.

कथानक १९१८ ते १९४७ या काळात घडते. विनायक हा कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबातील मुलगा मोठेपणी देवीच्या गर्भात उतरून हस्तरच्या लंगोटातील सुवर्णमुद्रा चोरण्याची युक्ती साधतो. धान्याला मुकलेल्या हस्तरला भुलवण्यासाठी तो कणकेची बाहुली नेतो आणि स्वतःच्या रक्षणासाठी भोवती पिठाचे रिंगण आखतो. हस्तरचा स्पर्श झालेल्या माणसाला मरण येत नाही. त्याचा देह सडत राहतो. विनायकाच्या लहानपणी घरात साखळदंडाने जखडलेली आजी ही अशीच शापित स्त्री आहे.

चित्रपटाचे दिग्दर्शन राही अनिल बर्वे यांनी केले. आनंद गांधी हे सर्जनशील दिग्दर्शक, तर आदेश प्रसाद हे सहदिग्दर्शक होते. विनायकाची भूमिका करणारे सोहम शाह निर्मात्यांपैकी एक आहेत. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला प्रारंभी बेताचा प्रतिसाद मिळाला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. मधल्या सहा वर्षांत चित्रपट जिवंत राहिला तो बहुतांशी रसिकांच्या चर्चेमुळे, आणि त्या चर्चेच्या केंद्रस्थानी हस्तर होता.

पुराणांशी जोडलेला संबंध

हस्तर हा खरोखरच पुराणातील विस्मृत देव आहे, असे अनेक प्रेक्षक मानतात. हा समज चुकीचा आहे. हस्तर नावाचा देव हिंदू पुराणांत नाही. सोळा कोटी देव व त्यांची माता समृद्धीदेवी ही कथाही चित्रपटासाठी रचलेली आहे. परंपरेतील 'तेहतीस कोटी' ही संख्या श्रोत्यांच्या कानात इतकी मुरलेली आहे, की त्याच घडणीची 'सोळा कोटी' ही संख्या ऐकताना ती कोणाला परकी वाटत नाही.

या समजाच्या लोकप्रियतेचे खरे कारण कथेच्या रचनेत आहे. हस्तर विस्मृतीत जावा हीच त्याच्या जीवदानाची अट असल्याने, ग्रंथांत त्याचा उल्लेख न सापडणे हाच पुरावा ठरतो! जे कोठेच नाही ते मुद्दाम पुसले गेले असले पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे. कथेच्या मर्यादेत तो रंजक आहे. कथेबाहेर मात्र त्याने काहीही सिद्ध करता येते, म्हणून काहीच सिद्ध होत नाही. एखाद्या लेखकाने रचलेली देवता दहा-पंधरा वर्षांत 'प्राचीन' म्हणून सांगितली जाऊ लागणे ही गोष्ट पुराणकथांच्या अभ्यासकाला हसण्यावारी नेता येणार नाही.

नावाच्या रूपावरून 'हस्त' या शब्दाशी संबंध जोडण्याचा मोह होतो. हस्त नक्षत्राचा पाऊस शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे आणि चित्रपटातही पाऊस अखंड आहे. तथापि हे केवळ नादसाम्य होय. नावाचा स्पष्ट माग दुसऱ्याच दिशेने लागतो.

इंग्रजी भयसाहित्यातील नाव

अमेरिकन लेखक अँब्रोझ बिअर्स याच्या 'हाइटा द शेफर्ड' (१८९१) या कथेत 'हॅस्टर' हा मेंढपाळांचा देव आहे. तो सौम्य आहे. भीतीचा त्याच्याशी काही संबंध नाही. रॉबर्ट चेंबर्स याने 'द किंग इन यलो' (१८९५) या कथासंग्रहात हे नाव उचलले. तेथे ते एका कथेत तारकांच्या नावांसोबत गूढपणे येते, तर दुसऱ्या कथेत एका नोकराचे नाव म्हणून. एच. पी. लव्हक्राफ्ट याने 'द व्हिस्परर इन डार्कनेस' (१९३१) या कथेत अनेक अनाकलनीय नावांच्या यादीत त्याचा केवळ उल्लेख केला. हॅस्टरला भयंकर, आदिम शक्तीचे रूप दिले ते ऑगस्ट डर्लेथ याने; त्याची 'द रिटर्न ऑफ हॅस्टर' ही कथा १९३९ साली प्रसिद्ध झाली.

म्हणजे मेंढपाळांचा कनवाळू देव सुमारे अर्धशतकात राक्षसी शक्ती बनला. प्रत्येक लेखकाने आधीच्याकडून नाव घेतले, अर्थ मात्र घेतला नाही.

'ग्रामा', 'आजी' आणि 'तुंबाड'

रसिकांनी लावलेल्या दुव्यांपैकी हा सर्वांत भक्कम आहे. स्टीफन किंग यांची 'ग्रामा' ही कथा १९८४ साली प्रसिद्ध झाली व पुढच्या वर्षी 'स्केलेटन क्रू' या संग्रहात समाविष्ट झाली. तीत अकरा वर्षांचा जॉर्ज भयंकर आजीजवळ घरात एकटा राहतो, कारण त्याच्या भावाला दुखापत झाल्याने आईला रुग्णालयात जावे लागते. 'तुंबाड'च्या पहिल्या भागात धाकटा सदाशिव पडून जखमी होतो, आई त्याला घेऊन जाते आणि विनायक आजीजवळ एकटा उरतो. प्रसंगाची मांडणी तीच आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की किंग यांच्या कथेत आजीला आवरण्यासाठी जे नाव उच्चारायचे असते, ते हॅस्टर हेच आहे.

या दोहोंच्या मध्ये नारायण धारप (१९२५–२००८) उभे आहेत. धारपांनी पाश्चात्त्य भयकथांना मराठी घर, मराठी वाडा आणि मराठी माणसे दिली. त्यांच्या 'लुचाई'चे नाते किंग यांच्या 'सेलम्स लॉट'शी व 'शपथ'चे नाते 'इट'शी आहे, हे त्यांच्या वाचकांना ठाऊक असते. त्यांची 'आजी' ही कथा 'ग्रामा'वरून स्फुरलेली मानली जाते आणि 'तुंबाड'चा पहिला भाग 'आजी'वर आधारलेला आहे. १९९३ साली नागझिरा अभयारण्यात एका मित्राने धारपांची कथा सांगितली व ती मनात घर करून राहिली, असे बर्वे यांनी सांगितले आहे. चित्रपटाचा पहिला खर्डा त्यांनी १९९७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी लिहिला.

किंग ते चित्रपट अशी थेट रेघ ओढणाऱ्या मांडणीत धारप हे केवळ टपाल पोहोचवणारे ठरतात. हे न्याय्य नाही. कथा बर्वे यांच्यापर्यंत पोहोचली ती ग्रंथालयातील इंग्रजी पुस्तकातून नव्हे, तर रानात एका मित्राने मराठी लेखकाची म्हणून सांगितलेली गोष्ट म्हणून. धारपांच्या कथा महाराष्ट्रात वाचल्या जितक्या गेल्या, तितक्याच रात्री सांगितल्याही गेल्या.

नाव समान असले तरी त्याचा उपयोग चित्रपटात बदलला आहे, ही बाब तर्क मांडणाऱ्यांच्या नजरेतून पुष्कळदा सुटते. किंग यांच्या कथेत हॅस्टरच्या नावाने आजीला आज्ञा करायची असते; ते मंत्रासारखे सत्तेचे नाव आहे. चित्रपटात मात्र आजीला झोपवताना, ती झोपली नाही तर हस्तर येईल, अशी धमकी द्यायची असते. ही धमकी आपल्याकडे घरोघरी बागुलबुवाच्या नावाने लहान मुलांना दिली जाते. 'शोले' (१९७५) मध्ये गब्बरसिंग आपल्या दहशतीची बढाई मारताना नेमका याच वाक्याचा आधार घेतो, आणि हे साम्य प्रेक्षकांनी लगेच हेरले. नाव अमेरिकेतून आले असेल. ते उच्चारण्याची रीत माजघरातली आहे. येथे पोर म्हाताऱ्या आजीला भीती घालते, ही उलटापालट चित्रपटाची स्वतःची.

गावाचे नाव

तुंबाड हे रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील जगबुडी नदीकाठचे गाव. चित्रपटाचे शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीवरून सुचलेले आहे. कादंबरीत हस्तर नाही आणि चित्रपटात खोत घराण्याची कथा नाही. तरीही दोन्हींत एका घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ऱ्हास आहे, यावर बोट ठेवून काहींनी अधिक खोल संबंध सुचवला आहे. घराण्याचा ऱ्हास हा विषय इतका व्यापक आहे, की तेवढ्यावरून नावापलीकडचे नाते जोडता येत नाही.

चित्रपटांतर्गत दुवे

चित्रपटाच्या आतील दुव्यांविषयीचे तर्क अधिक निश्चित आहेत, कारण ते तपासण्यासाठी चित्रपट पुन्हा पाहणे पुरते. विनायकाने बालपणी आजीसाठी उच्चारलेले शब्दच अखेरीस त्याचा मुलगा पांडुरंग शापित झालेल्या बापासाठी उच्चारतो आणि सोने नाकारतो. गर्भातून बाहेर येणारा माणूस प्रत्येक वेळी नव्याने जन्मतो, पण जन्मतो तो पूर्वीपेक्षा अधिक लोभी होऊन, असाही एक अर्थ लावला जातो. बाहुल्या अनेक नेल्या की हस्तरही अनेक होतात, या शेवटच्या प्रसंगावरून हस्तर हा मुळात एक देव नसून प्रत्येक लोभामागे उभी राहणारी स्वतंत्र आकृती आहे, असे काही जण मानतात. चित्रपटाच्या प्रारंभी महात्मा गांधींच्या नावे दिलेले लोभाविषयीचे वचन या वाचनाला पूरक आहे. १९४७ साली वाडा सरकारच्या ताब्यात जाण्याच्या उल्लेखावरून हस्तरमध्ये सत्तांतराचे रूपक पाहणारा तर्क मात्र त्या एका तपशिलावर फार भार टाकतो.

अन्य माध्यमांतील समांतर उदाहरण

विखुरलेल्या भयकथांतील दुवे जुळवण्याची रसिकांची हौस 'द मॅग्नस आर्काइव्ह्ज' या ब्रिटिश श्राव्य मालिकेभोवती विशेष दिसली. जोनाथन सिम्स लिखित ही मालिका २०१६ ते २०२१ या काळात २०० भागांत प्रसारित झाली. तिच्या प्रारंभीच्या भागांत सुट्या वाटणाऱ्या जबान्या आहेत. परंतु तीच नावे, तीच पुस्तके पुन्हा पुन्हा येतात आणि श्रोते त्यांच्या याद्या करू लागतात. तेथील दुवे एकाच लेखकाने हेतुपुरस्सर पेरलेले होते व पुढील भागांनी अनेक तर्कांचा निकाल लावला. हस्तरच्या बाबतीत दुवे शंभराहून अधिक वर्षे, दोन खंड आणि तीन भाषांवर पसरलेले आहेत. ते पेरणारा कोणी एक नाही. सोहम शाह यांनी २०२४ मध्ये 'तुंबाड'च्या दुसऱ्या भागाची घोषणा केली आहे. त्या भागाने हस्तरच्या कथेत काहीही भर घातली, तरी बिअर्सच्या मेंढपाळापासून धारपांच्या आजीपर्यंतचा प्रवास त्याच्या कक्षेबाहेरच राहील.