कमान : शब्द आणि भार



'कमान' हा शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यांतला आहे. देवडीची कमान, पुलाची कमान, समारंभासाठीं रस्त्यावर उभारलेली स्वागताची कमान, इतकेंच नव्हे तर घड्याळाची कमानसुद्धां. एकाच शब्दानें इतक्या भिन्न वस्तू ओळखल्या जाऊं लागल्या म्हणजे त्याचा नेमका अर्थ धूसर होतो. बांधकामाच्या शास्त्रांत कमान म्हणजे केवळ वांकडा आकार नव्हे. ती भार वाहण्याची एक रीत आहे. हा भेद लक्षांत न घेतल्यास जुन्या वास्तूंची हानि होते आणि प्रसंगीं माणसांच्या जिवावरहि बेततें.

शब्द मूळचा फारसी; त्याचा अर्थ धनुष्य. वांकवून सोडल्यावर पुन्हां पूर्ववत् होणारी म्हणून घड्याळांतली पोलादी पट्टी कमान ठरली, आणि धनुष्यासारखी दिसते म्हणून दारावरची दगडी गोलाई कमान ठरली. परंतु हें साम्य दिसण्यापुरतेंच नाहीं. धनुष्याचीं दोन टोंकें बाहेर पळूं पाहतात आणि दोरी त्यांस आंवरून धरते. दगडी कमानीचे दोन पायहि तसेच बाहेर रेटत असतात. त्यांस आंवरण्यासाठीं बाजूला भक्कम भिंत, जड बांधकाम किंवा दोन्ही पायांना जोडणारी लोखंडी सळई असावी लागते. दोरी तुटली तर धनुष्य सरळ होतें. बाजूचा आधार सुटला तर कमान बसते.

आतां तुळईचा विचार करूं. दोन खांबांवर आडवा दगड ठेवून वर भार टाकला, तर तो दगड अल्पसा लवतो. त्याची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. दगडाला दाब पुष्कळ सोसतो, ताण मात्र फार थोडा सोसतो. म्हणूनच सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या यादवकालीन देवळांत खांब जवळजवळ उभे केलेले दिसतात. कमानींत मात्र पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना टेकून बसतात. वरचा भार त्यांना दाबतच खालीं उतरतो. अशा रीतीनें लहान लहान दगडांनीं मोठें अंतर ओलांडतां येतें.

आकार आणि रीत यांची फारकत इतिहासांतहि दिसून येते. दिल्लीस कुतुबमिनाराजवळच्या मशिदीपुढें बाराव्या शतकाच्या अखेरीस जी कमानदार भिंत उभी राहिली, तिच्या कमानी दिसण्यांत कमानी आहेत. पण त्या पाचरींच्या नाहींत. दगडांचे आडवे थर थोडथोडे पुढें सारून कारागिरांनीं तो आकार साधला आहे. त्या नगरींतल्या सुलतानी वास्तूंत पाचरींची खरी कमान आढळते ती १२८७ त वारलेल्या बल्बनाच्या थडग्यावर. यावरून आमच्या देशास खरी कमान पूर्वीं ठाऊकच नव्हती, असें मात्र कोणीं समजूं नये. कानपूर जिल्ह्यांतील भीतरगांवच्या गुप्तकालीन विटांच्या देवळांत ती आहे. ठाऊक असणें निराळें आणि प्रचारांत असणें निराळें.

कमानीच्या माथ्यावरील मधल्या पाचरीला कळीचा दगड म्हणतात. सारी कमान या एका दगडावर उभी असते, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाहीं. हा दगड शेवटीं बसतो आणि तो बसेपर्यंत खालचा लांकडी सांचा काढतां येत नाहीं, एवढेंच त्याचें वैशिष्ट्य. एकदां वर्तुळ पुरें झालें कीं पायाजवळच्या दगडाची जबाबदारी त्याहून कमी नसते. किंबहुना कमानीचें खरें संकट पायांशीं असतें. अंतर आणि भार तेच ठेवून कमानीची उंची निम्मी केली, तर बाहेरचा रेटा साधारणपणें दुप्पट होतो. कमान जितकी चपटी, तितका बाजूचा आधार बळकट हवा.

या रेट्याचा मार्ग रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें ओळखला. लोंबत्या साखळीचा आकार उलटा केला कीं तोच कमानीचा स्थिर आकार होय, हें त्यानें १६७५ मध्यें अक्षरांच्या कोड्यांत गुंफून प्रसिद्ध केलें. त्या सुमारास विजापुरास मात्र गोल घुमट उभा होता! १६५६ त वारलेल्या महंमद आदिलशहाची ही कबर. सुमारे १३५ फूट बाजूच्या चौकोनी दालनावर सुमारे १२४ फूट व्यासाचा घुमट बसविला आहे. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनीं चौकोनाचें वर्तुळ केलें, आणि त्यांवरील आंत झुकलेल्या बांधकामाच्या वजनानें घुमटाचा बाहेरचा रेटा तोलून धरला. सूत्र कागदावर नसेल. तें कारागिरांच्या हातांत होतें.

येथील जुने कारागीर कमानीला निद्रा नसलेली वस्तु मानीत, असें फर्ग्युसन यानें नमूद केलें आहे. तें अक्षरशः खरें आहे. रेटा दिवसरात्र चालूच असतो. झोंपतों ते आपण. जुन्या वाड्यांत मोटार शिरावी म्हणून कमानीशेजारची भिंत पाडतात. पिंपळाचें मूळ सांध्यांत शिरलें तरी कोणी पाहत नाहीं. पुलाच्या पायाखालची माती नदी उकरून नेते. पाय सरकूं लागले म्हणजे माथ्याच्या खालच्या अंगास भेग पडते. तीवर चुना लिंपून भागत नाहीं. पायांकडे पाहावें लागतें.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रजी अमदानींतला दगडी कमानींचा पूल महापुरांत कोसळला आणि उतारूंसह दोन एस. टी. गाड्या वाहून गेल्या. पुढच्याच वर्षीं तेथें नवा पूल झाला. गेलेलीं माणसें परत आलीं नाहींत. त्या अपघाताची चिकित्सा तज्ज्ञांनीं करावी. आपल्यापुरतें एवढें जाणावें कीं आमच्या नद्यांवर व ओढ्यांवर असे कित्येक जुने पूल अजून उभे आहेत, आणि आपण त्यांवरून निश्चिंतपणें ये-जा करतों. पावसाळ्यापूर्वीं कोणी जाणत्यानें त्यांचे पाय पाहिले आहेत काय, एवढा प्रश्न तरी प्रत्येक गांवानें विचारावा. कमान जागी आहे. तिच्यावर नजर ठेवणारा माणूसहि जागा पाहिजे.