व्हॅनचा गंजलेला तळ आणि वेल्डिंगची दुरुस्ती

मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये बाजारात आली, १९८८ पासून ती ‘ओम्नी’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. रुग्णवाहिका, शाळेची गाडी, मालवाहू गाडी अशी सर्व कामे केलेल्या या व्हॅनचे ७९६ सीसीचे इंजिन पुष्कळदा शेवटपर्यंत साथ देते; गाडी निकामी होते ती तळातून. कोकणासारख्या मुसळधार पावसाच्या आणि खाऱ्या हवेच्या प्रदेशात तर हे अधिक लवकर घडते.

तळाचा पत्रा म्हणजे केवळ पाय ठेवण्याची जागा नव्हे. ट्रकप्रमाणे या व्हॅनला स्वतंत्र चासी नसते. तळ, त्याखालचे पोकळ पट्टे आणि दारांखालच्या बंद पेट्या मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. आसने, सुरक्षापट्ट्यांचे बोल्ट आणि मागील पाट्यांच्या स्प्रिंगांचे टेकू यांचा भार त्यावरच असतो. शिवाय चालक पुढील चाकांवर बसत असल्याने त्याच्यासमोर बॉनेटचे संरक्षण जवळजवळ नसतेच.

गंज बहुधा वरून दिसत नाही. रबरी मॅटखालच्या फोममध्ये पाणी मुरते, चाकांच्या कमानीत चिखल साचतो, पेट्यांची पाणी वाहून जाण्याची छिद्रे बुजतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. त्यामुळे मॅट पूर्णपणे काढून, तळाला खालून स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहणे हीच खरी तपासणी होय. टोक आत शिरले की तो भाग गेला असे समजावे. हाताएवढे दिसणारे भोक घासल्यावर पाटाएवढे होते, हा गॅरेजमधील नित्याचा अनुभव आहे.

गंजावरच नवा पत्रा चढवून कडेने वेल्डिंग करणे ही सर्रास आढळणारी पद्धत मुळातच चुकीची आहे. दोन पत्र्यांमध्ये ओलावा अडकतो, गंज वाढतच राहतो आणि वेल्डिंगला धरायला सकस धातूच उरत नाही. गंजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापून टाकणे आवश्यक असते. त्यानंतर पुठ्ठ्याचा नमुना घेऊन मूळ जाडीचाच ठिगळपत्रा कापावा. मूळ पत्र्याला पन्हळी असतील तर ठिगळातही त्या ठोकून घ्याव्यात, कारण ताठपणा त्यांच्यामुळेच येतो.

एवढ्या पातळ पत्र्यावर साध्या आर्क वेल्डिंगची कांडी भोके पाडते. गॅस वेल्डिंगची उष्णता दूरवर पसरून पत्रा वाकतो. म्हणून बारीक तारेचे सीओटू वेल्डिंग या कामाला योग्य ठरते. तेही सलग ओढायचे नसते. आधी एकमेकांपासून दूर टाके मारायचे, पत्रा निवू द्यायचा, मग मधल्या जागा थोड्या थोड्या भरत जायच्या. घाई झाली की ठिगळ फुगलेच.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढावी. इंधनाची टाकी आणि नळ्या उतरवून दूर ठेवाव्यात. रिकामी टाकी आतल्या वाफेमुळे भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना अधिक धोकादायक असते. गॅसवर चालणारी व्हॅन असेल तर तिचे सिलिंडर जाणकाराकडूनच उतरवून घ्यावे. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूचे फोम व वायरी हलवाव्यात आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. काम संपल्यावरही काही वेळ गाडीपाशी थांबणे इष्ट, कारण धुमसणारा फोम नंतर पेट घेतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरल्यास जोडाजवळचे जस्त आधी घासून काढावे. त्याच्या धुराने काही तासांनी थंडीताप भरतो.

जोड निवल्यावर त्यावर जस्तयुक्त प्रायमर, सांध्यात सीलर आणि खालून अंडरकोटिंग द्यावे. बंद पेट्यांमध्ये छिद्रांतून मेणयुक्त गंजरोधक फवारावा, मात्र ती छिद्रे मोकळीच राहू द्यावीत. स्प्रिंगांच्या टेकूंभोवतीचा धातूच गेला असेल, तर ठिगळांचा खटाटोप न करता व्हॅन भंगारात काढलेली बरी. जुनी व्हॅन विकत घेणाऱ्याने तळावरचे ताजे काळे अंडरकोटिंग पाहून हुरळून जाऊ नये. पुष्कळदा त्याखाली कापून न काढलेला गंजच झाकलेला असतो.