मुद्रालेखांतील विरामचिन्हे

नाण्यावरील मजकुरात शब्दविभाजन वा संक्षेप दर्शविणारी बिंदू, द्विबिंदू, दंड इत्यादी चिन्हे. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र’ व ‘पति’ असा दोन ओळींत तुटलेला एकच शब्द असूनही संयोगचिन्ह आढळत नाही. भोवतीचे बिंदुवलय ही केवळ किनार असून, तिला विरामचिन्ह मानणे गैर होय. निजामी अंमलातील हाली सिक्का या नाण्यावर चारमिनारच्या कमानीत राज्यकर्त्याचे आद्याक्षर, महबूब अलींसाठी ‘मीम’ आणि उस्मान अलींसाठी ‘ऐन’, एकटेच कोरीत, संक्षेपचिन्ह नाही, आणि दोन्ही अक्षरे बिननुक्त्याची. उलट, पंचम जॉर्जच्या ब्रिटिश नाण्यांवर संक्षिप्त लॅटिन शब्दांपुढे द्विबिंदू येतो.