बीपीची गोळी रोज सुरू असताना पेनकिलर घ्यावी का?

गुडघा दुखू लागला किंवा कंबर धरली की मेडिकलमधून गोळी आणून घेणे आपल्याकडे सर्रास चालते. निरोगी तरुण माणसाला एक-दोन दिवस अशी गोळी घेतल्याने सहसा त्रास होत नाही. मात्र ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह किंवा किडनीचा आजार आहे, त्यांनी आधी पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे मूळ नाव वाचावे.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड हा सूज कमी करणाऱ्या वेदनाशामकांचा गट. या गोळ्या शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये कमी करतात. पण किडनीचा रक्तपुरवठा टिकवायला आणि जठराच्या अस्तराचे रक्षण करायलाही हीच द्रव्ये लागतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल ही बीपीची औषधेही किडनीतील रक्ताच्या दाबावर काम करतात. त्यात लघवी वाढवणारे औषध असेल तर शरीरातील पाणी कमी होते. ही तिन्ही एकत्र आली की किडनीचे काम काही दिवसांतच अचानक मंदावू शकते. वृद्धांमध्ये आणि जुलाब-उलट्या होत असताना हा धोका जास्त.

"मी तर बीपीची एकच गोळी घेतो," असे बरेच जण सांगतात. पण त्या एका गोळीत दोन-तीन औषधे असू शकतात. टेल्मिसार्टनच्या गोळीच्या नावापुढे 'एच' असेल, तर त्यात बहुधा लघवीचे औषधही असते.

या पेनकिलरमुळे बीपीही वाढतो. डॉक्टरांना त्याची कल्पना नसेल, तर विनाकारण बीपीच्या गोळीचा डोस वाढवला जातो. सोबत घेतलेली ॲसिडिटीची गोळी जठराला जपते, किडनीला नाही.

रक्त पातळ करणारी औषधे (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲसिट्रोम) सुरू असतील, तर या गटातील गोळी स्वतःहून घेऊच नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. लिथियम किंवा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनीही ती टाळावी.

मग घ्यायचे काय? बहुतेकांसाठी पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित. प्रौढांनी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवावे आणि दिवसाला चारपेक्षा जास्त घेऊ नयेत. लिव्हरचा आजार असेल, वजन फार कमी असेल किंवा रोज दारू घेत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळीत आणि कॉम्बिफ्लामसारख्या जोडगोळीतही पॅरासिटामॉल असते, तेही हिशोबात धरा. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांनी पॅरासिटामॉल सलग काही दिवस घेतल्यास आयएनआर तपासावा लागतो.

एकाच सांध्याच्या दुखण्याला डायक्लोफेनॅक जेल लावता येते. ते रक्तात फार कमी उतरते.

पेनकिलर सुरू असताना लघवी कमी झाली, पायावर किंवा चेहऱ्यावर सूज आली, तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डांबरासारखी काळी शौचास झाली, रक्ताची उलटी झाली किंवा धाप लागली, तर थेट हॉस्पिटल गाठा आणि घरातील सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.