वैऱ्याशी करार : एका कथानकाची कुळकथा

माणूस आणि परग्रहवासी एकमेकांच्या जिवावर उठतात आणि शेवटी एकमेकांच्या साथीनेच तरतात. विज्ञानपटांच्या आणि मालिकांच्या प्रेक्षकांना हे कथानक आता चांगलंच ओळखीचं आहे. पण त्याचं कूळ शोधत मागे गेलं, की मूळपुरुष म्हणून समोर येते ती एक निखळ युद्धकथा. तिच्यात सहकार्याला जागाच नव्हती.

जून १९४४ मध्ये ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या अमेरिकन मासिकात फ्रेडरिक ब्राउन यांची ‘अरीना’ ही कथा आली. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. कथेत पृथ्वीचा आणि परक्यांचा अंतराळ-ताफा आमनेसामने ठाकलेला आहे. दोघं भिडले तर जिंकणाराही धड उरणार नाही, हे ओळखून एक अज्ञात महाशक्ती दोन्हीकडचा एकेक योद्धा उचलते आणि निळ्या वाळूच्या रिंगणात सोडते. हरणाऱ्याची सगळी जमात नष्ट होणार. माणसांच्या बाजूने कार्सन, समोर घरंगळत येणारा लाल गोळ्यासारखा प्राणी. कार्सन मनोमन तहाचा प्रस्ताव धाडतो. उत्तरादाखल येते ती द्वेषाची लाट, अंगावर काटा आणणारी. तिथेच बोलणी संपतात. कार्सन त्याला ठार करतो आणि शत्रूचा सगळा ताफा नेस्तनाबूत होतो.

बावीस-तेवीस वर्षांनी ही कथा टीव्हीवर आली. १९ जानेवारी १९६७ रोजी एनबीसीवर ‘स्टार ट्रेक’ मालिकेचा ‘अरीना’ हा भाग दाखवला गेला. लेखक होते मालिकेचे निर्माते जीन कून. महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेच्या मरीन दलात होते. पटकथा तयार झाल्यावर ब्राउन यांच्या कथेशी असलेलं साम्य लक्षात आलं, तेव्हा रीतसर हक्क घेऊन त्यांना श्रेय दिलं गेलं.

रिंगण तेच, पण कून यांनी शेवट बदलला. कॅप्टन कर्क गंधक, कोळसा आणि सोरा गोळा करून बांबूच्या नळीची तोफ बनवतो, तिच्यात हिरे ठासतो आणि सरड्यासारख्या दिसणाऱ्या गॉर्नला लोळवतो. मात्र त्याआधी गॉर्नने एक गोष्ट सांगितलेली असते : माणसांची वसाहत त्याच्या हद्दीत उभी राहिली, म्हणून तिच्यावर हल्ला झाला. कर्कच्या हातात सुरा असतो, शत्रू पायाशी पडलेला असतो, आणि तो वार करत नाही. व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं असताना अमेरिकन घराघरांत हे दृश्य दिसलं. पण इथे मिळाली ती दया. सहकार्य अजून एक पायरी पुढे होतं.

ती पायरी कून यांनी दोनच महिन्यांत गाठली. यानोश प्रोहास्का या साहसदृश्यांच्या कलाकाराने स्वतः बनवलेला एक विचित्र पोशाख त्यांना दाखवला आणि त्यावरून त्यांनी ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग लिहिला. तो ९ मार्च १९६७ रोजी प्रसारित झाला. दिग्दर्शक ‘अरीना’चेच, जोसेफ पेव्हनी.

जेनस-६ या ग्रहावरच्या खाणीत एक प्राणी कामगारांना जाळून मारतो आहे. पन्नासेक माणसं गेलेली. खाणप्रमुखाच्या टेबलावर बोगद्यात सापडलेला एक गोल दगड पडलेला असतो. कर्कचा सहकारी स्पॉक याची नजर त्याच्यावर पुन्हा पुन्हा जाते, बाकीच्यांना मात्र तो शोभेची वस्तू वाटतो. असे हजारो गोळे कामगारांनी नवा थर खोदताना फोडून टाकलेले असतात. ती अंडी होती. सिलिकॉनची देहरचना असलेली होर्टा आपल्या जमातीतली एकटीच उरलेली आई, आणि ती पिल्लांसाठी लढत होती.

हे कळतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. स्पॉक जखमी होर्टाच्या मनाशी आपलं मन जोडतो आणि वेदनेने किंचाळतो. १९४४ च्या कथेत शत्रूच्या मनात डोकावल्यावर फक्त द्वेष सापडला होता. १९६७ मध्ये वेदना सापडली. या कुळकथेचा सांधा माझ्या मते नेमका इथे आहे. मग डॉक्टर जखमेवर काँक्रीट लिंपतो आणि करार ठरतो : होर्टाची पिल्लं खडकातून बोगदे पाडतील, माणसांनी त्यांतलं खनिज काढून न्यावं. काल दंडुके घेऊन धावलेले कामगार आज त्या पिल्लांच्या कामावर खूश असतात.

पुढची वंशावळ मोठी आहे. ‘स्टार ट्रेक’च्याच १९६८ च्या ‘डे ऑफ द डव्ह’ या भागात द्वेषावर पोसणाऱ्या एका शक्तीला हाकलण्यासाठी माणसं आणि त्यांचे परग्रहवासी शत्रू क्लिंगॉन तलवारी टाकून हसतात. १९७९ मध्ये बॅरी लॉंगइयर यांची ‘एनिमी माइन’ ही दीर्घकथा आली. तिच्यात निर्जन ग्रहावर अडकलेले दोन शत्रुवैमानिक एकमेकांना जगवतात. १९८५ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. ‘स्टार ट्रेक’च्या पुढच्या मालिकेतल्या ‘डार्मोक’ या १९९१ च्या भागात एकमेकांची भाषा न कळणारे दोन कप्तान एका श्वापदाविरुद्ध खांद्याला खांदा लावून उभे राहतात.

कून १९७३ मध्ये गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांनी लिहिलेल्या या समेटात कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही. होर्टा माणसांवर प्रेम करू लागत नाही, माणसंही मेलेल्या साथीदारांना विसरत नाहीत. दोघांना समोरच्याच्या रागाचं कारण कळतं आणि दोघांच्या फायद्याचं एक काम सापडतं, एवढंच. मला तर हाच समेट टिकाऊ वाटतो. तेव्हा कुणी शत्रू म्हणून समोर उभा राहिला, तर तो कशाची राखण करतो आहे हे आधी विचारा. हत्याराचा निर्णय त्यानंतर घ्या.